अमावस्येचं तेल

माणिकआप्पांची नक्कल करायची तर आधी खोकता आलं पाहिजे. तोंडावर हात धरून नाजूक खोकतात तसलं नाही. छातीत कुणीतरी ट्रक पहिल्या गिअरला टाकल्यासारखी घरघर, मग जरा थांबणं, मग दोन कोरडे धक्के, आणि तिसऱ्या धक्क्याला शब्द बाहेर. पहिला शब्द ठरलेला.

"खॉक्... खॉक्... तेल बघितलास का?"

हे ते कुणालाही विचारायचे. समोरच्याकडं चाकं असलेली एखादी वस्तू असली की झालं. रिक्षावाला, दूधवाला, गल्लीतला नवा जावई. एकदा सत्यनारायण सांगायला स्कूटीवर आलेल्या गुरुजींना त्यांनी गेटातच गाठलं. गुरुजी बिचारे म्हणाले, "दोन महिने झाले बघा, वेळच नाही मिळाला." आप्पांनी अशी मान हलवली, जणू ह्या माणसाच्या हातची पूजा आता काही लागू पडत नाही.

मी आप्पांना दोन्हीकडून ओळखायचो. लातूरला रेणापूर नाक्याच्या मागं आमची एकच गल्ली. आणि मी काउंटरवर बसायचो ते माझ्या मामाचं दुकान नांदेड रोडला, ऑईल-फिल्टरचं. गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याच्याच आवाजात मामाला ऑर्डर परत ऐकवायची, हा माझा जोडधंदा. मामा म्हणायचा, "नकल्या, एक दिवस कुणीतरी माघारी येईल आन् तुझं थोबाड रंगवील."

माघारी आले ते आप्पाच. तेलाचा डबा घेऊन गेले आणि नरसाळं काउंटरवरच विसरले. मी इकडं आप्पांसारखी खांद्यावर दस्ती, म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल, टाकून, खोकून सुरू झालेलो, "पोरा, काटा खोटं बोलतो, कान न्हाई बोलत!" मामा पोट धरून हसत होता, तो एकदम गप झाला. मी वळून बघितलं तर दारात आप्पा.

"पुन्यांदा कर," म्हणाले.

"आप्पा, चुकलं."

"चुकलंच हाय. म्हणून तर पुन्यांदा कर म्हणलालो."

मी केलं. घसा कोरडा पडलेला, त्यामुळं खोकला आपोआपच चांगला झाला. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं, इंजिनाचा आवाज ऐकतात तसं.

"हा चढावरचा खोकला हाय," म्हणाले. "दुकानात येतो तवा मी उतारावर असतोय. हे बघ." आणि त्यांनी दोन्ही खोकले करून दाखवले. खोटं कशाला बोलू, फरक होता. जाताना नरसाळं परत विसरले.

तर अमावस्या. आप्पांचं सगळं घोडं तिथं अडलेलं, म्हणून ती आधी सांगतो.

आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवला. मालक असा बिलंदर, की किलोमीटरचा काटाच त्यानं तोडून ठेवलेला. काटा फिरला की विकताना गाडी म्हातारी दिसते म्हणे. आता काटाच नाही म्हटल्यावर तेल कधी बदलायचं हे कळायचं कसं? मालकाला कळून घ्यायचंही नव्हतं. एकदा आप्पा कांदा भरून आदिलाबादकडं निघाले, आणि किनवटच्या पुढं जंगलात इंजिन धरलं. एकदम गप. आप्पांच्याच शब्दांत, "बोल्ट खोलला तर तेल न्हवतंच रे. डांबर व्हतं. त्याच्यावर रस्ता झाला असता."

मदत यायला लई वेळ लागला. तोवर आप्पा आणि त्यांचा क्लीनर दोघं कांद्यावर. भाजलेला कांदा, मीठ लावलेला कांदा, कांद्याच्या रश्श्यात कांदा. "शेवटाला क्लीनर रडाय लागला," आप्पा सांगायचे, "आन् ते दुःखानं का कांद्यानं, दोघांलाबी कळंना." गोणीतल्या कांद्याला कोंब फुटले. त्या दिवशी आप्पांनी शपथ घेतली, की आता माझ्या हाताखालच्या गाडीचं तेल मी ठरवणार.

आणि त्यांनी ठरवली अमावस्या. ट्रकवाले त्या दिवशी तसंही गाडी धुतात, लिंबू-मिरची बदलतात, नारळ फोडतात. आप्पांनी त्यात तेल घातलं. नारळ वर, तेल खाली. कुणी विचारलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, आणि ते वाक्य मी आजही चांगलं करतो:

"काटा बंद पडतो. चंद्र न्हाई बंद पडत."

त्या गाडीला हे गणित बसायचंही. महिनाभर रोज रस्त्यावर असणारी जुनी गाडी, तिला तेवढ्यात तेल लागायचंच. पुढं आप्पांनी स्वतःचा जुना ट्रक घेतला, तिथंही चाललं. घोटाळा झाला तो नव्या ट्रकनं.

पण त्याच्या आधी गल्लीचं सांगतो. दर अमावस्येला गाडीखाली घमेलं भरून तेल निघायचं. आप्पांना ते ओतून देववत नसे. मग ते बाटल्या भरून घरोघर वाटायचे, दिवाळीचा फराळ वाटावा तसे. आमच्या गल्लीत एक दार कुरकुरत नव्हतं. गेट, खिडक्या, कडबाकुट्टी, विहिरीचा रहाट, सगळं मऊ लोण्यासारखं. पाहुणे घाबरायचे. दार उघडल्याचा आवाजच नाही, एकदम माणूस समोर उभा. उनाड पोरांची चंगळ होती, बापाला पत्ता न लागता घरात. एका म्हातारीनं आप्पांना सरळ सांगितलं होतं, "माणिक, आमच्या दाराला नको देऊस बाबा. सून कवा जाती, कवा येती, मला काईच कळंना झालंय."

नवा ट्रक दसऱ्याला आला. आप्पांच्या आयुष्यातला पहिला कोरा ट्रक. नांदेडला शोरूममधून तो आणायला आम्ही तिघं गेलो होतो. आप्पा, त्यांची पोरगी वैशाली, आणि मी. मला नेलं ते नारळ धरायला. वैशाली स्वतःहून आलेली. आधी शेतात ट्रॅक्टर, मग चुलत्याचा पिकअप, आणि आता मोठ्या गाडीचं लायसनसुद्धा काढून बसलेली. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "आधी ट्रकचं बघू द्या." आप्पांना हे सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं. म्हणजे तसं ते दाखवायचे.

शोरूममधला इंजिनिअर पोरगा चांगला होता. अस्सल नांदेडचा. आम्ही लातूरवाले 'करलालो' म्हणतो, तो 'करून रायलो'.

"काका, मी तुमाला सांगून रायलो ना, ह्या इंजिनचं तेल इतक्यात नाही बदलायचं. जुन्या गाडीपेक्षा लई लांब चालतंय हे. इथं स्क्रीनवर येते बघा, कधी बदलायचं ते."

"बरं," आप्पा.

"आता गाडी नुसती उभी राहून इंजिन चालू राहिलं, नाहीतर धुळीत, कच्च्या रस्त्यावर लई फिरली, तर मग अलीकडं घ्यायचं. तेवढ्यासाठी आमाला फोन करा."

"बरं."

"आणि आम्ही सांगतो तेच तेल. दुसरं नाही चालत."

"बरं," आप्पा तिसऱ्यांदा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "नकल्या, अमावस्या कवा हाय रे?"

येताना आप्पांनी चालवलं. वैशाली डावीकडं. निघायच्या आधी आप्पा तिला म्हणाले, "थाप कुठंय?" ही पण त्यांची एक रीत. क्लीनरनं दारावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की जाऊ दे. दोन थापा ऐकल्याशिवाय आप्पा गाडी हलवायचेच नाहीत. आता त्या गाडीला आरसे किती, कॅमेरा मागं, आत गार हवा. तरी वैशालीनं काच खाली घेतली, हात बाहेर काढला. टप् टप्. मग गाडी हलली.

गाडीचं नाव त्यांनी ठेवलं बाईसाहेब. आणि चावी बांधली कंबरेच्या करदोड्याला. नव्या गाडीची ती चावी म्हणजे केवढी जाड! शर्टाखाली पोटावर टेंगूळ दिसायचं. गाडी चालू करायची म्हणजे आप्पा आधी शर्ट वर करणार, करदोडा कंबरेवर फिरवून चावी पुढं घेणार, मग अर्धे सीटवर वाकून चावी लावणार. इंजिन चालू झालं की चावी तिथं, करदोडा तिथं, आणि आप्पा मधी बांधलेले. वैशालीची आई, आमच्या काकू, म्हणायच्या, "आवो, बैलाला बांधत्यात गाडीला, तुमी सवताला बांधून घ्या."

दिवाळीची अमावस्या आली, आणि आप्पा बाईसाहेबच्या खाली गेले. मी तेल विकणारा माणूस, तरी माझ्या तोंडून निघालं, "आप्पा, हे तेल अजून मधासारखं हाय." आप्पा खालूनच बोलले, "मग मधाची बाटली घरी ने."

तेल काढलं, नवं भरलं. तेल शोरूमनं सांगितलेलंच होतं, तेवढं मामानं बघितलं होतं. पण भरणारे आप्पा. आता आप्पांचा आग्रह पंगतीत ज्यानं सोसलाय त्याला कळेल. तुमच्या ताटावर हात आडवा असला तरी बोटांच्या फटीतून वरण वाढणारा हा माणूस. तेल मोजायच्या ऑईलपट्टीवर भरल्याची खूण दिसली, तरी आप्पा म्हणाले, "घे गं बाईसाहेब, एक घोट." मग, "माझ्यासाठी एक." मग काकूंच्या नावानं एक. ट्रक नको म्हणू शकत नाही, हीच अडचण.

दुसऱ्या दिवशी रेणापूरच्या अलीकडं बाईसाहेबनं असा धूर सोडला, की मागची जीप थांबली आणि त्यातली माणसं घमेली, बादल्या घेऊन विझवायला पळत आली. नांदेडचा तोच इंजिनिअर फोनवर. त्यानं ऑईलपट्टी बघायला लावली, गाडी जागेवरून हलवू नका म्हणाला, आणि माणूस पाठवला. जास्तीचं तेल काढल्यावर गाडी शहाण्यासारखी चालू झाली. आप्पांनी तिच्या दारावरून हात फिरवला.

"अपचन झालं व्हतं," ते मला म्हणाले. "माझंच चुकलं. पहिलटकरणीला एवढं वाढू न्हाई."

इथंवर सगळी गंमतच होती. मग कारखान्याचा हंगाम आला आणि गंमत थांबली.

ऊस घेऊन किल्लारीकडच्या कारखान्याला जायचं, म्हणजे गाडी रस्त्यावर थोडी आणि लाईनीत जास्त. हातभर पुढं, थांब. हातभर पुढं, थांब. आप्पा लाईनीत इंजिन बंदच करायचे नाहीत. "बंद केलं की डोळा लागतो, डोळा लागला की पुढं मागचा घुसतो." पण दर हातभराला क्लच. आप्पांचा डावा गुडघा आधीच बोंबलत होता, तो दुसऱ्याच खेपेला बसला. म्हणजे आप्पा लाईनीत उभ्या ट्रकमधून उतरलेच नाहीत, त्यांना उतरवून घ्यावं लागलं. डॉक्टरनं साफ सांगितलं, क्लच बंद.

आणि बाईसाहेब गल्लीच्या तोंडाला उभी राहिली. ऐन हंगामात. शेजारचे ट्रक ऊस सांडत येतायत, जातायत, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाला कोरा ट्रक, हेडलाईटला झेंडूचा वाळलेला हार. आप्पा सकाळी चहा घेऊन कॅबिनमधे जाऊन बसायचे, चावी पोटावर, हात स्टिअरिंगवर. पेपर तिथंच वाचायचे. आम्ही सगळे वाट बघत होतो की चावी कुणाला मिळते. वैशाली रोज गाडीची काच पुसायची, तेव्हा आप्पा बसलेल्या बाजूची काच जरा जास्तच घासायची.

ड्रायव्हर यायला लागले. आप्पा सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचे.

"तेल कवा बदलायचं?"

पहिला म्हणाला, "मालक म्हणतील तवा."

"म्हंजे तू माझ्यासाठी चालवणार. गाडीसाठी न्हाई. चहा घे आन् जा."

दुसरा हुशार. "किलोमीटर बघून."

"आन् कारखान्याच्या लाईनीत? तितं चाक फिरत न्हाई, इंजिन फिरतंय. त्याचं मोजमाप कोन करणार, तुजा सासरा? चहा घे."

तिसरा त्याहून हुशार. तो आधी नाक्यावरच्या टपरीवर सगळी माहिती काढून आला. आप्पांनी तोंड उघडायच्या आधीच हात जोडून म्हणाला, "अमावस्येला, आप्पा!"

आम्हाला वाटलं, झालं. चावी गेली. आप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ते माझं उत्तर हाय," म्हणाले. "तुझं कुठंय?"

तोही चहा पिऊन गेला. काकू आतनं ओरडल्या, "आता दूध संपलं! पुढच्याला नुस्तं पाणी!"

मधी एक अमावस्या येऊन गेली. गाडी जागची हलली नव्हती, तरी आप्पांनी एक पाय लांब करून, कण्हत कण्हत तेल बदललं. ह्या खेपेला खुणेवर थांबले, घोट दिला नाही. निघालेलं तेल घमेल्यात चमकत होतं. गल्लीनं बाटल्या भरून घेतल्या, पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. काकूंनी माझ्या हातात बाटली दिली आणि हळूच म्हणाल्या, "त्यांला समजावून सांग की रे. तुला त्यांचा आवाज येतो." आवाज येत होता, हिंमत येत नव्हती.

मग आली येळवस. वेळ अमावस्या हो, आमच्याकडचा मोठा सण. लातूर त्या दिवशी ओस पडतं, अख्खं गाव शेतात. आप्पांचं शेत रेणापूरच्या रस्त्याला. त्यांनी जाहीर केलं, सगळी गल्ली बाईसाहेबमधून जाणार. आणि चालवणार कोण? ते स्वतः. ट्रकच्या हौद्यात आम्ही सगळे, आंबिलाचा माठ, भाज्या-शेंगा घोटून केलेल्या भज्जीची पातेली, आणि आप्पांनी पूर्ण रस्ता दुसऱ्या गिअरमधे काढला, क्लच दाबायला नको म्हणून. सायकलवाले पुढं निघून गेले. एका बैलगाडीनं आम्हाला ओव्हरटेक केलं आणि गाडीवान हात करून गेला.

शेतात कडब्याची कोप, पूजेपुरती छोटी झोपडी, उभारलेली होती. पांडवांची पूजा झाली, आंबील शिंपडत कोपीला फेरे झाले, पानं मांडली. भज्जीचा वास असा सुटलेला की पोटात कावळे नाही, गिधाडं ओरडायला लागली. आणि आप्पा म्हणाले, "थांबा."

त्यांची रीत. अमावस्येला आधी गाडीला, मग माणसाला. हातात पाना, काखेत घमेलं, गुडघा धरत ते ट्रककडं निघाले. पंगत बसलेली तशीच. पोरांनी सुस्कारा सोडला.

वैशाली उठली. आप्पांच्या आधी ट्रकपाशी गेली आणि त्यांच्या हातातला पाना काढून घेतला.

"ह्या अमावस्येला बदलायचं न्हाई, आप्पा."

आप्पांनी हात पुढं केला.

"दे इकडं," आप्पा.

"देते. आधी एक करा." तिनं ऑईलपट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली आणि त्यांच्या पुढं धरली. "अंगठ्यावर घ्या. तुमी सगळ्याला शिकवताव तसं. घ्या."

आप्पांनी घेतलं. अंगठा आणि बोटाच्या मधी चोळलं.

"चिकट हाय का पाण्यावानी?"

"... चिकट हाय."

"वास घ्या. जळका येतो का?"

आप्पांनी वास घेतला. मग परत एकदा घेतला.

"इंजिन चालू करते, कान लावा."

"चावी माझ्याकडं हाय," आप्पा म्हणाले, आणि हात पोटावर ठेवला.

"तुमी येताना ऐकलाव की. दुसऱ्या गिअरमधी इतक्या वेळ. काय म्हणली बाईसाहेब?"

आप्पा अंगठा दस्तीला पुसत म्हणाले, "गुणगुणत व्हती."

"मग तुमचं नाक सांगतंय चांगलं हाय, बोट सांगतंय चांगलं हाय, कान सांगतोय चांगलं हाय. काटा बंद पडला तवा चंद्र बघितलाव, बरोबर केलाव. आता काटा चालू हाय आन् तुमी हाव. चंद्राला कशाला तरास?"

आप्पांना खोकला आला. मी कान टवकारले. चढावरचा होता. मोठ्या चढावरचा.

"मला सांग मग," ते म्हणाले. आवाज ड्रायव्हरांना विचारायचे तोच, पण आतून कुठंतरी सैल. "तेल कवा बदलायचं?"

आम्ही सगळे जेवण विसरलो. काकूंनी पळी हवेतच धरलेली.

"आधी सांगा गाडी कुठं गेल्ती," वैशाली म्हणाली. "डांबरी रस्त्यानं माल घेऊन गेली असंल, तर स्क्रीन सांगंल तवा. कारखान्याच्या लाईनीत घुरघुरत उभी ऱ्हायली असंल, धुरळ्यात, तर त्याच्या अलीकडं, शोरूमला इचारून. आन् मी लाईनीत उगं उभी असले तर इंजिन बंद करीन. गल्लीच्या तोंडाला नुस्ती उभी असंल तर..." ती थांबली. "तर तेल न्हाई आप्पा. ड्रायव्हर बदलायचा."

कुणीतरी फिस्सकन हसलं, बहुतेक मीच. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि शर्ट वर केला.

आता इथं खरी पंचाईत. करदोड्याची गाठ सुटेना. महिनोन्‌महिने घाम पिऊन ती दगड झालेली. आप्पांनी नखं लावली, दात पोचेनात. काकू विळी घेऊन धावल्या तर आप्पा ओरडले, "करदोडा कापत न्हाईत, अपशकून हाय!" सगळी गल्ली आप्पांच्या पोटाभोवती गोळा. तेवढ्यात वैशालीनं ऑईलपट्टीचं टोक त्या गाठीवर टेकवलं. एक थेंब. तिनं बोटानं चोळला, जरा वेळ दिला, आणि गाठ सुटली.

"बघितलास का नकल्या," आप्पा चावी तिच्या हातावर ठेवत म्हणाले, "तेल चांगलं हाय." आणि मग पंगतीकडं वळून, "अरं वाढा की, का मुहूर्त बघलालाव?"

त्या दिवशी त्यांनी मला इतकी भज्जी वाढली की धूर माझ्याकडनं निघायचा बाकी होता.

परतताना वैशालीनं चालवलं. आम्ही बैलगाडीला परत गाठलं.

हंगाम संपता संपता मी नांदेडला आलो, एका वर्कशॉपमधे पार्टच्या काउंटरवर. आता माझ्या बोलण्यातही 'करून रायलो' यायला लागलंय, मामा फोनवर चिडतो. तर एक दिवस दुपारी बाईसाहेब गेटातून आत. स्टिअरिंगवर वैशाली, उन्हानं रापलेली, खांद्यावर दस्ती. डावीकडून आप्पा हळूहळू उतरले, काठी धरून. स्क्रीन म्हणत होती, तेल बदला. स्क्रीननं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

मेकॅनिकनं बोल्ट काढला तसं आप्पा वाकून बघायला लागले. तेल आलं ते काळं कुळकुळीत. आप्पांनी बोट घातलं, चोळलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला जसं काही बारसं जेवायला आलेत.

"ह्ये बघ!" मला म्हणाले. "आत्तापस्तोर मी बिनकामाचं फेकत व्हतो. हे कमावलेलं तेल हाय. फिरलंय हे, पोरीबरोबर."

मी गल्लीचं विचारलं. आप्पा हसले. "दारं कुरकुराय लागलीत सगळी. माझं गेट तर असं बोंबलतंय, कोंबडा लाजतो. ती म्हातारी खूश हाय, सून कवा येती ते कळतंय म्हणती." मग एक डबा पुढं केला. "ह्याच्यात थोडं दे. गेटापुरतं."

तेल भरून झालं. मी बघत होतो, खुणेवर थांबलं. आप्पांनी घोट द्या म्हटलं नाही. नुसते खिडकीतून डॅशबोर्डवर हात फिरवून आले.

निघताना आप्पा डावीकडच्या सीटवर बसले, काळ्या तेलाचा डबा पायात. वैशालीनं इंजिन चालू केलं आणि गाडी हलवलीच नाही. पुढं बघत बसून राहिली. मागं दोन गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. आप्पा तिच्याकडं बघत होते, समजत नव्हतं.

"थाप कुठंय?" ती म्हणाली.

आप्पांनी काच खाली घेतली. जन्मभर उजव्या बाजूला बसलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा डावीकडून बाहेर आला, तेलानं काळा, आणि दारावर पडला. टप् टप्.

जाऊ दे.